तिनं सांगितलं ते आणि टाइप झालं ते

‘कोर्ट’ या चित्रपटातलं दृश्य. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शर्मिला पवार उभी आहे. तिचा नवरा मॅनहोलमध्ये उतरायचा, तिथंच मेला. नवऱ्याचं वय विचारतात, ते तिला धड सांगता येत नाही. तो काम कसं करायचा, हे विचारतात. ते मात्र तिला चोख माहीत आहे. आधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वास सोसत नाही म्हणून उतरण्याआधी प्यायचा. एक डोळा याच कामापायी गेलेला. ती हे सगळं एका सुरात सांगते. रडत नाही, कुणावर डाफरत नाही. आपण काही भयंकर सांगतोय असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नाही.

ती थोडं बोलली की न्यायाधीश मान वळवतात आणि टाइप करणाऱ्याला इंग्रजीत दोन ओळी सांगतात. ती गप्प उभी राहते. आपलंच बोलणं दुसऱ्या भाषेत कागदावर जाताना ती बघते आहे, पण कागदावर काय गेलं हे तिला कळायला मार्ग नाही. मग पुढचा प्रश्न.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाहिराच्या गाण्यानं भारावलो होतो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्ष या टाइप करण्यावर गेलं आणि मग हटलंच नाही. या चित्रपटावर भरपूर लिहून झालंय: व्यवस्था, जात, अभिव्यक्ती, रटाळपणाचं सौंदर्य वगैरे. ते सगळं मान्य. मला इथं एकाच दृश्याच्या अंगानं हे प्रकरण मांडायचं आहे. बोललेली मराठी आणि नोंदलेली इंग्रजी यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यात हा अख्खा चित्रपट बसलेला आहे असं माझं म्हणणं आहे. आणि ही फट दाखवायला जी माणसं जमवली, ती तशी जमवली नसती तर ती दिसलीच नसती.

खटला

थोडक्यात असा. नारायण कांबळे हा साठी ओलांडलेला लोकशाहीर. पोरांच्या शिकवण्या घेतो, वस्त्यांमधून कार्यक्रम करतो. एका हत्याकांडाच्या निषेधसभेत गाणं चालू असताना पोलीस त्याला स्टेजवरून घेऊन जातात. आरोप असा की त्यानं एका वस्तीत गाणं म्हटलं, त्या गाण्यात गटार-कामगारांनी गटारातच गुदमरून जीव द्यावा असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या कामगारानं दोन दिवसांत खरोखर जीव दिला. भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं, दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच वाचनात हास्यास्पद वाटावं. प्रवृत्त करणं म्हणजे कलम १०७ प्रमाणे चिथावणी हवी, कट हवा किंवा जाणूनबुजून केलेलं साहाय्य हवं. हजार माणसांपुढे म्हटलेल्या गाण्यानं एकाच माणसाला, तेही त्याच्या रोजच्या कामाच्या जागी, मारल्याचा दावा उभा राहू नये. पण खटला उभा राहतो. तारखा पडतात. एक पंच साक्षीला येतो, तो इतर खटल्यांतही असाच पंच म्हणून हजर होता हे बचावाचा वकील काढून दाखवतो. तपास अधिकारी जप्त पुस्तकांबद्दल सांगतो. आरोपीला विचारतात, असं गाणं तू लिहिलंस का. तो म्हणतो, अजून लिहिलेलं नाही; लिहायला मात्र आपली काही हरकत नाही. हे तो टाळ्या मिळवायला म्हणत नाही. प्रश्न विचारलाय तर खरं उत्तर द्यावं, इतक्याच सरळपणे म्हणतो, आणि म्हणूनच अंगावर येतं.

इथं एक आठवण टाळता येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला, त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या घरात गळफास घेतला. महाराष्ट्रात शाहिराचं आणि आत्महत्येचं नातं खरोखर कधी जुळलं असेल तर ते असं, उलट्या दिशेनं. चित्रपट हे नाव घेत नाही. पण ज्यांना ते माहीत आहे त्यांना दोषारोप वाचला जाताना घशात काहीतरी अडकतं.

कागदाची भाषा

आता टाइपरायटरकडे. फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९७३ च्या जुन्या संहितेत, सत्र न्यायालयातली साक्ष कशी नोंदवायची याचं कलम होतं २७६. त्यात एक साधीशी सूचना: साक्ष शक्यतो निवेदनाच्या स्वरूपात उतरवावी. म्हणजे प्रश्न गळतात, उत्तरं उरतात, आणि ती उत्तरं एकामागे एक जोडून साक्षीदारानं आपणहून सांगितलेली गोष्ट असावी तशी दिसतात. न्यायाधीशाला वाटलं तर प्रश्नोत्तरं तशीच लिहिता येतात, पण तो त्याचा अधिकार. रोजचा रिवाज निवेदनाचा.

यात काय होतं ते कोर्टाच्या बाकावर बसून पाहिलेल्याला कळतं. समजा वकिलानं विचारलं, ‘मग तो दारू पिऊनच कामावर जायचा ना?’ बाई म्हणाली, ‘हो, पण ती त्या घाणीपायी हो, नाहीतर कोण पिईल सकाळी सकाळी.’ कागदावर येतं: माझे पती कामावर जाण्यापूर्वी मद्यप्राशन करीत असत. वाक्य खोटं नाही. एक शब्द चुकलेला नाही. फक्त ‘घाणीपायी’ गेला, ‘सकाळी सकाळी’ गेलं, आणि ज्यानं तो ‘ना?’ लावून प्रश्न विचारला तो माणूसच गेला. (हे उदाहरण माझं, चित्रपटातलं नव्हे.)

त्यात भाषेचा दुसरा थर. महाराष्ट्र शासनानं २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. ‘कोर्ट’मधला खटला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चालतो आहे. पण मुंबईतल्या त्या खोलीत न्यायाधीश सदावर्ते इंग्रजीत सांगतात, इंग्रजीत टाइप होतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. सदावर्ते स्वतः घरात मराठी बोलणारा माणूस. साक्षीदार मराठी, सरकारी वकील मराठी, आरोपी मराठी. बचावाचा वकील विनय वोरा तेवढा मराठीत अडखळतो, म्हणून तो हिंदी-इंग्रजीत बोलतो. एवढ्या मराठी माणसांच्या मधोमध एक इंग्रजी कागद वाढत जातो, आणि शेवटी निकाल त्या कागदाचा लागणार, माणसांचा नाही.

आपल्या कानाला हे सगळे थर वेगवेगळे ऐकू येतात. परदेशी प्रेक्षकाला येत नाहीत. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बसलेल्या माणसानं वोराच्या घरातलं गुजराती, सरकारी वकील नूतनचं मराठी, सदावर्तेंचं डिक्टेशन आणि पिंजऱ्यातल्या बाईचं बोलणं, सगळं पडद्याच्या तळाशी एकाच जातीच्या पांढऱ्या ओळींत वाचलं. म्हणजे सबटायटल लिहिणाऱ्यानंही नाइलाजानं सदावर्तेंचंच काम केलं. तरीही तिथं चित्रपट पोचला, हे त्याच्या चौकटींचं यश. पण मराठी माणसानं तो मराठीत ऐकावा, त्यात जे जास्तीचं मिळतं ते दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

सरकारी वकील नूतन हे या थरांमधलं सगळ्यात अवघड पात्र. ते करणाऱ्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, रंगभूमीवर मुरलेल्या. या चित्रपटातल्या बहुतेकांच्या उलट त्या पक्क्या प्रशिक्षित नटी. त्यांनी काय केलं असेल तर अभिनयाच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. कायद्याची कलमं वाचताना नूतन सपाट आवाजात, धावत वाचते. शाळेत वर्गापुढे उभं राहून धडा वाचणाऱ्या मुलीसारखी: अर्थाशी देणंघेणं नाही, पान संपवायचं. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ती अशाच तालात पुढे करते. ब्रिटिशांनी देशी नाटकांच्या मुसक्या बांधायला केलेला कायदा, एकविसाव्या शतकात एका मराठी बाईच्या तोंडून, दूधवाल्याचा हिशोब वाचावा तसा. (तो कायदा पुढं केंद्रानं मोडीत काढला, चित्रपट आला तेव्हा तो पुस्तकात होता.)

हीच नूतन संध्याकाळी लोकलमध्ये मैत्रिणीशी साडीबद्दल, स्वयंपाकाच्या तेलाबद्दल बोलते, पोराला पाळणाघरातून घेते, मधुमेही नवऱ्याला जेवायला वाढते. मराठी तीच, पण आता तिच्यात जीव आलेला. कलमं वाचणारी आणि भाजी फोडणीला टाकणारी बाई एकच आहे हे कळायला तिच्या आवाजाखेरीज दुसरं काही लागत नाही. तिच्यावर रागावता येत नाही, आणि ते फार त्रासदायक आहे. शेजारच्या फ्लॅटमधली बाई आहे ती. आरोपीला वीस वर्षं देऊन मोकळं व्हावं, तीच तीच तोंडं बघायला नकोत, असं ती सहकाऱ्यांशी जेवताना सहज बोलून जाते. त्यात द्वेष नाही, कंटाळा आहे.

माणसं कुठून आणली

ताम्हाणे तेव्हा विशी-पंचविशीतला. आधी नाटक केलेलं, एक लघुपट केलेला. ‘कोर्ट’साठी तो मुंबईतल्या खऱ्या कोर्टांत जाऊन बसला आणि त्याला दिसलं की तिथं आपण सिनेमात पाहिलेलं काहीच घडत नाही. कुणी टेबलावर हात आपटत नाही, कुणाला नीट ऐकूही येत नाही. झारखंडच्या जितन मरांडी या सांस्कृतिक कार्यकर्त्याचं प्रकरण त्याच्या डोक्यात होतं. आपल्याकडे त्याच काळात पुण्याच्या कबीर कला मंच या गाणाऱ्या पथकाची धरपकड चाललेली. त्यातले शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. म्हणजे नारायण कांबळे हा कल्पनेतून आलेला म्हातारा खरा, पण त्याची जमीन कल्पनेतली नव्हती.

पैसा विवेक गोंबरचा. तो निर्माता, आणि तोच विनय वोरा. त्यानं ताम्हाणेला पटकथा लिहिण्यासाठी दरमहा पैसे देऊन मोकळं ठेवलं, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणानं. ज्याच्या खिशातून पैसे जाताहेत त्यानं स्वतःला जी भूमिका घेतली ती चित्रपटातल्या एकमेव सुखवस्तू, सज्जन, इंग्रजाळलेल्या माणसाची, आणि त्या माणसाला चित्रपट जराही सवलत देत नाही. वोरा सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घेतो, गाडीत जॅझ लावतो, आईवडिलांकडे जेवायला गेला की लग्नाचा विषय निघून हतबल होतो. कुठल्याशा सभेत तो मानवी हक्कांवर गंभीरपणे बोलतो आहे आणि मधेच कुणी टेबलफॅन आणून लावण्याची खटपट करतं. सभेला गेलेल्या प्रत्येकानं हा पंखा पाहिलेला आहे! मला तर हा पंखा चित्रपटातल्या मोठ्या प्रसंगांहून जास्त आठवतो.

बाकी बहुतेक चेहरे कॅमेऱ्यापुढे नवे. अनेक महिने शोधाशोध करून निवडलेले. यातून एक अडचण येते, जिच्याबद्दल हौशी लोक बोलत नाहीत: जो नट नाही त्याच्याकडून सहजपणा आपोआप मिळत नाही. पहिल्या टेकला तो घाबरलेला असतो, पाचव्याला अभिनय करायला लागतो, आणि अभिनय करायचं सोडायला पुढचे कित्येक टेक जातात. ‘कोर्ट’मध्ये दृश्यांचे डझनावारी टेक झाले. मृणाल देसाईंचा कॅमेरा जवळजवळ सगळीकडे स्थिर, लांब, रुंद. एकाच चौकटीत न्यायाधीश, दोन्ही वकील, टाइप करणारा, पाठीमागे पेंगणारे पक्षकार, भिंतीवरचे पंखे. त्यातला एकजण चुकला की सगळं पुन्हा. जवळचा शॉट घेऊन चूक झाकायची सोय या दिग्दर्शकानं स्वतःला ठेवलेलीच नाही. कोर्टाची खोली सेट आहे, हे कळल्यावर मी तिसऱ्यांदा पाहताना भिंतींचा रंग, फायलींचे गठ्ठे शोधत बसलो. तो सेट उभारणाऱ्या पूजा तलरेजा आणि सोमनाथ पाल यांनी कुठंही हात दिसू दिलेला नाही.

नारायण कांबळे झाले वीरा साथीदार. नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. त्यांचं वय, चाल, मंचावर उभं राहण्याची ढब चळवळीत घडलेली. आरंभीच्या शॉटमध्ये ते पोरांना शिकवून निघतात, बसनं जातात, मंचावर चढतात, गातात. हे सगळं दुरून दाखवलंय, म्हणजे आपणही सभेत मागं उभे आहोत आणि पुढं जायला जागा नाही. पोलीस चढतात तेव्हाही कॅमेरा तिथंच. गाणी संभाजी भगत यांची. अण्णाभाऊ, अमर शेख यांच्यापासून आलेली शाहिरी परंपरा ज्यांनी आजच्या मुंबईच्या वस्त्यांत जिवंत ठेवली त्यांतले ते एक. म्हणून ही गाणी सिनेमासाठी लिहिलेल्या ‘क्रांतिगीतां’सारखी वाजत नाहीत. ती खरोखर एखाद्या चौकात म्हणता येतील. आरोपाच्या गाण्यात आणि या गाण्यांत काय फरक आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं: शाहीर मरा म्हणत नाही, बघा म्हणतो. पण गाणं कोर्टात वाजवायची सोय नाही. तिथं गाण्याचंही निवेदन होतं.

१३ एप्रिल २०२१ ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, साथीदार कोविडनं नागपुरात गेले.

आणि शर्मिला पवार. ती भूमिका उषा बाने यांनी केली. त्या नटी नव्हेत. मॅनहोल कामगाराच्या विधवा. हे मला चित्रपट पाहून झाल्यावर कळलं आणि त्यानंतर ते दृश्य पुन्हा पाहणं सोपं राहिलं नाही. एका बाजूनं वाटतं, हे बरोबर आहे का? तिचं दुःख तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा, टेकमागून टेक वदवून घेणं? दुसऱ्या बाजूनं, ते दृश्य दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यात हुंदका आला असता. मराठीतली कुठलीही चांगली अभिनेत्री घ्या, ‘डोळा गेला’ म्हणताना तिनं क्षणभर थांबून घेतलं असतं. उषाबाई थांबत नाहीत. ज्याच्या घरात ते झालंय त्याला ती बातमी नसते. मी अजूनही या प्रश्नावर दोन्हीकडे आहे.

झुरळ

त्या साक्षीत सगळ्यात मौल्यवान काय असेल तर झुरळाची चाचणी. वरवर ती अडाणी माणसाची क्लृप्ती वाटते. पण गटारात जो वायू माणसं मारतो तो हायड्रोजन सल्फाइड. कमी प्रमाणात तो सडलेल्या अंड्यासारखा घाण वास देतो; प्रमाण वाढलं की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा वास येत नाही. नाकावर भरवसा ठेवणारा मरतो. हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळलं, त्यांनी नाकाऐवजी झुरळ वापरलं. अर्थात झुरळाला माणसाइतकी हवा लागत नाही, त्यामुळे ही चाचणी भरवशाची नाहीच. पण हातात वायू मोजायचं यंत्र न देता माणसाला खाली सोडलं तर तो आणखी काय करणार? वासुदेव पवारला आपल्या कामातला मृत्यू नेमका ठाऊक होता, त्यानं त्याच्यासाठी तपासणीची रीत ठेवली होती. ज्याला मरायचंय तो आधी खडा टाकून बघत नाही.

म्हणजे अख्खा खटला त्या एका वाक्यात निकाली निघतो. वैद्यकीय अहवाल तेच सांगतो: गुदमरून मृत्यू, साधनं नव्हती. वोरा ते कोर्टापुढे नीट मांडतोही. पण कागदावर ते ‘सुरक्षा साधने नव्हती’ एवढंच होऊन बसतं, आणि साधनं कुणी द्यायची होती हा प्रश्न त्या कोर्टापुढे नाहीच. कोर्टापुढे प्रश्न आहे गाण्याचा. महापालिका, ठेकेदार यांपैकी कुणीही पिंजऱ्यात नाही.

बाहेर कायदा तेव्हा कुठं होता? हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ चा. त्याच्या कलम ७ नं गटारांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला मनाई केली. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले. ‘कोर्ट’ व्हेनिसला पहिल्यांदा दिसला तो त्याच वर्षी सप्टेंबरात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख झाली. आकडा वाढवावा लागला यातच काय ते आलं. चित्रपटातली शर्मिला यातल्या कुठल्याही रकमेबद्दल बोलत नाही, कुणी तिला सांगितलेलंही दिसत नाही.

जिथं मला पटत नाही

दोन जागा. नूतनचं कुटुंब रविवारी नाटकाला जातं, नाटकात परप्रांतीयावर विनोद, प्रेक्षागृह खदखदतं. प्रसंग खोटा नाही, असली नाटकं आपण पाहिली आहेत आणि हसलोही आहोत. पण बाकी सगळीकडे आपल्याला शांतपणे बघू देणारा दिग्दर्शक इथं कोपरानं ढोसतो. दुसरी जागा शेवट. सुट्टीआधीचं शेवटचं कामकाज संपतं, खोली रिकामी होते, दिवे एकेक करून जातात आणि पडदा काळा होतो. मी तिथं उठायला तयार झालो होतो. पण चित्रपट पुढं जातो: न्यायाधीश नातेवाइकांबरोबर रिसॉर्टवर, गाणी, खाणं, कुणाच्या तरी मुलाच्या अडचणीवर नाव बदलण्याचा नि अंगठीचा सल्ला, मग बाकावर डुलकी, पोरं ओरडून दचकवतात, एकाच्या थोबाडीत. बऱ्याच जणांना हा शेवट फार आवडतो. मला तो शिक्का मारल्यासारखा वाटतो. सदावर्ते कसा आहे ते बिनबाह्यांचा ब्लाउज घातलेल्या बाईची सुनावणी त्यानं पुढं ढकलली तेव्हाच आपल्याला कळलं होतं.

आणखी एक गोष्ट, तक्रार म्हणावी की नाही ठरवता येत नाही. वकील, सरकारी वकील, न्यायाधीश या तिघांच्या मागून कॅमेरा कोर्टाबाहेर जातो, त्यांची जेवणं, त्यांच्या सुट्ट्या पाहतो. नारायण कांबळेच्या मागून तो असा निवांत जात नाही. तो दिसतो ते शिकवताना, गाताना, छापखान्यात, म्हणजे कामावर. जामिनाचे एक लाख त्याच्याकडे नसतात, वोरा भरतो, तो सुटतो, पुन्हा गातो, आणि छापखान्यातून पुन्हा उचलला जातो, या वेळी बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली. त्याचं घरगुती आयुष्य आपल्यालाही कळत नाही. हे मुद्दाम असेल तर चित्रपटानं कोर्टाच्या कागदाचीच नक्कल केली असं म्हणावं लागेल: आरोपीच्या बाजूला फक्त कृत्यं, बाकीच्यांना आयुष्य.

पुरस्कारांची यादी सगळ्यांना पाठ आहे: व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणाचा ‘भविष्याचा सिंह’, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ, १७ एप्रिल २०१५ ला चित्रपटगृहांत, आणि त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची निवड. चित्रपटाचा जो कायदा होता तोही आता बदलला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलम ३०६ आता कलम १०८ आहे. मजकूर जवळपास तोच.

साक्ष संपल्यावर वोरा शर्मिलाला आपल्या गाडीतून सोडतो. गाडी वातानुकूलित, काचा बंद, बाहेर मुंबईची वाहतूक. इथं टाइप करणारा नाही, न्यायाधीश नाही, त्यामुळे इथं जे बोललं जाईल ते जसंच्या तसं राहील. वोरा तिला पैसे देऊ करतो. ती घेत नाही. ती विचारते, तुमच्याकडे काही काम असेल तर सांगा. वोराकडे त्याचं उत्तर नसतं. ती उतरून जाते, आणि चित्रपट पुन्हा तिच्याकडे येत नाही.